एक ॲप, अकरा कारभारी: मुंबईतल्या तिकीट यंत्रणांना एकत्र आणणं इतकं अवघड का आहे?

समजा, तुमची आई मुलुंडला राहते आणि मावशी बोरिवली पूर्वेला, मागाठाण्याच्या बाजूला. आईचं वय ६७. मावशीकडे जायचं म्हणून ती सकाळी मुलुंडहून लोकल पकडते आणि घाटकोपरला उतरते. पूल चढून मेट्रो १ मध्ये बसते, पश्चिम द्रुतगती महामार्ग स्टेशनला उतरते. तिथून पुलावरून चालत गुंदवलीला जाते, मेट्रो ७ ने मागाठाण्याला पोहोचते आणि उरलेल्या अंतरासाठी बेस्टची बस पकडते.

आईच्या दृष्टीने हा एकच प्रवास आहे. घरून निघाली, बहिणीकडे पोहोचली, विषय संपला.

पण तिकीट देणाऱ्या यंत्रणांना विचारलं तर त्या सांगतील की हे चार प्रवास आहेत. लोकलला माहीत नाही की ती पुढे मेट्रोत बसणार आहे. मेट्रो १ ला माहीत नाही की ती लोकलने आली. मेट्रो ७ च्या गेटसमोर ती जणू आत्ताच घरातून निघालेली नवी प्रवासी असते. आणि बसमधला कंडक्टर पुन्हा पहिल्यापासून विचारतो, "कुठे जायचंय?"

८ ऑक्टोबर २०२५ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते 'मुंबई वन' नावाचं ॲप सुरू झालं. मुंबई महानगरातल्या ११ सार्वजनिक वाहतूक सेवांची तिकिटं एकाच ॲपवर, असा त्यामागचा विचार आहे. ॲप आलं तेव्हा सोशल मीडियावर एक प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात होता: "एवढं साधं काम करायला एवढी वर्षं का लागली?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र ॲपमध्ये सापडत नाही. त्यासाठी ॲपच्या मागे काय काय जुळवावं लागतं ते बघायला हवं.

आधी बघूया, मालक कोण कोण आहेत?

आईच्या प्रवासातली लोकल मध्य रेल्वेची, म्हणजे केंद्र सरकारच्या रेल्वे मंत्रालयाची. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो १ चालवते 'मुंबई मेट्रो वन' ही कंपनी. सरकारी-खासगी भागीदारीतून उभी राहिलेली ही मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. मेट्रो २अ आणि मेट्रो ७ चालवते 'महामुंबई मेट्रो', म्हणजे एमएमआरडीएची कंपनी. बेस्ट हा मुंबई महापालिकेचा उपक्रम.

आई मरोळ नाक्याला उतरून मेट्रो ३ मध्ये बसली असती, तर पाचवा मालक आला असता: मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन. ही केंद्र आणि राज्य सरकारची निम्म्या-निम्म्या भागीदारीतली कंपनी आहे.

'मुंबई वन'च्या यादीत यांच्याशिवाय मोनोरेल, नवी मुंबई मेट्रो आणि ठाणे, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई या महापालिकांच्या बससेवाही आहेत.

प्रत्येकाचा हिशेब वेगळा, लेखापरीक्षण वेगळं, तिकीट यंत्रणा बसवणारा कंत्राटदार वेगळा आणि ती यंत्रणा बसवली ते सालही वेगळं. मेट्रो १ सुरू झाली तेव्हा हातात प्लास्टिकचं टोकन मिळायचं. संपूर्ण देशात चालावं असं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आलं ४ मार्च २०१९ ला, म्हणजे त्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी. गेट बसवताना जो नियम अस्तित्वातच नव्हता, तो पाळून गेट बसवणार तरी कसं?

म्हणजे इथे कुणी मुद्दाम आडमुठेपणा केला असं मानायचं कारण नाही. प्रत्येकाने आपापलं घर आपापल्या सोयीने बांधलं. आता त्या घरांना जोडणारी गॅलरी काढायची आहे आणि मजल्यांची उंची जुळत नाहीये.

पहिली अडचण: कोणी कोणाला जोडायचं?

समजा, अकरा सेवांनी ठरवलं की प्रत्येकाने उरलेल्या प्रत्येकाशी थेट जोडणी करायची. अशा किती जोडण्या होतील? ५५. त्यात बारावी सेवा आली की आणखी ११ जोडण्या. एकाने आपली यंत्रणा बदलली की उरलेल्या सगळ्यांना आपल्याकडे दुरुस्ती करावी लागणार.

त्यापेक्षा मधे एक सामाईक ठिकाण ठेवलं आणि प्रत्येकाने फक्त त्याच्याशी बोलायचं ठरवलं, तर अकराच जोडण्या पुरतात. बारावा आला की फक्त एक वाढते.

हे आपण रोज वापरतो. २०१६ मध्ये सुरू झालेलं यूपीआय असंच चालतं. वडापाववाल्याचं खातं एका बँकेत, तुमचं दुसऱ्या बँकेत. दोन्ही बँकांची सॉफ्टवेअर वेगळी, नियम वेगळे. तरी पैसे जातात, कारण 'या खात्यातून त्या खात्यात एवढे रुपये' हा निरोप कोणत्या नमुन्यात पाठवायचा हे सगळ्यांनी एकच ठरवलंय. बँकांनी आपापली यंत्रणा मोडून एक केली नाही. त्यांनी फक्त निरोपाचा नमुना एक केला.

वेगवेगळ्या संस्थांच्या माहिती यंत्रणा जोडताना हाच पहिला धडा असतो. सगळ्यांना एकसारखं करायला जाऊ नका. जिथे दोघांची गाठ पडते तेवढीच जागा एकसारखी करा.

मधल्या ठिकाणाचा एक धोकाही आहे. ते बंद पडलं की सगळेच अडकतात. म्हणून शहाणी रचना अशी असते की मधलं ठिकाण अर्धा तास बंद असलं तरी आधी काढलेल्या तिकिटावर गेट उघडलं पाहिजे.

दुसरी अडचण: 'अंधेरी' म्हणजे नक्की कुठलं?

यंत्रणा जोडली, आता बोलायला सुरुवात झाली. पण दोघंही 'अंधेरी' म्हणाले की दोघांच्या डोक्यात एकच जागा असेल का?

पश्चिम रेल्वेचं अंधेरी आहे, ज्याचा रेल्वेच्या खात्यातला कोड 'एडीएच'. त्याला लागून मेट्रो १ चं अंधेरी आहे. मेट्रो २अ चं 'अंधेरी पश्चिम' मात्र लोकलच्या स्टेशनला लागून नाहीच. ते जोडलेलं आहे मेट्रो १ च्या डी. एन. नगर स्टेशनशी. म्हणजे डी. एन. नगर आणि अंधेरी पश्चिम ही नावं दोन, पण बदलण्याची जागा एक. तसंच मेट्रो १ चं पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि मेट्रो ७ चं गुंदवली. नावं ऐकून कुणाला वाटेल का की ही दोन स्टेशनं एका पुलाने जोडलेली आहेत?

याच्या उलटही आहे. मेट्रो ७ वर 'आरे' नावाचं स्टेशन आहे आणि मेट्रो ३ वर 'आरे जेव्हीएलआर'. नावं जवळची, पण एकात उतरून दुसऱ्यात बसायचा विचार करू नका. आणि मरोळ नाका हे नाव मेट्रो १ वरही आहे, मेट्रो ३ वरही. नाव एकच, जागा लगतची, तरी कंपन्या दोन आणि गेटंही दोन.

मुंबईकराला हे पायाने पाठ असतं. संगणकाला नसतं. त्याला कुणीतरी एक यादी द्यावी लागते: प्रत्येक स्टेशनला आणि बसथांब्याला एकच ठरलेला क्रमांक, कोणतं कोणाशी जोडलेलं, मधे चालायला किती वेळ लागतो, लिफ्ट आहे का. ही यादी ठेवणार कोण, स्टेशनचं नाव बदललं की ती दुरुस्त करणार कोण, हे ठरलं नाही तर सर्वांत झकपक ॲपही तुमच्या आईला चुकीच्या पुलावर नेऊन सोडेल.

जगात यावर तोडगा निघालेला आहे. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून थांबे, मार्ग आणि वेळापत्रक लिहायचा एक साधा नमुना तयार केला. त्याला आता जीटीएफएस म्हणतात. काही साध्या मजकूर फायली, बस्स. साधा होता म्हणूनच जगभरातल्या वाहतूक संस्थांनी तो उचलला.

तिसरी अडचण: 'तिकीट' म्हणजे तरी काय?

ही अडचण सगळ्यात मजेशीर आहे आणि सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात येते.

मेट्रोचं तिकीट ही किल्ली आहे. क्यूआर दाखवला की गेट उघडतं, बाहेर पडताना पुन्हा दाखवावा लागतो. त्यामुळे तुम्ही कुठे चढलात, कुठे उतरलात हे यंत्रणेला कळतं.

लोकलचं तिकीट हा पुरावा आहे. मुलुंड स्टेशनवर तुम्हाला अडवायला गेट नाही. तिकीट नसलं तरी गाडीत चढता येतं, फक्त टीसी भेटला तर दंड भरावा लागतो. म्हणूनच रेल्वेच्या यूटीएस ॲपवर पेपरलेस तिकीट काढताना तुम्ही स्टेशनच्या आत असाल तर ते निघत नव्हतं. टीसी दिसला की पटकन तिकीट काढायचं, ही पळवाट बंद करायला हा नियम. मेट्रोला असल्या नियमाची गरजच पडत नाही, कारण गेट आहे.

बेस्टचं तिकीट तिसऱ्याच प्रकारचं. ते एका बसपुरतं आणि ठरलेल्या अंतरापुरतं.

आता यात आणखी गुंते घाला. लोकलला सेकंड क्लास, फर्स्ट क्लास आणि एसी असे प्रकार आहेत, मेट्रोला वर्गच नाही. लोकलच्या मासिक पासवर महिनाभर कितीही वेळा जा. महामुंबई मेट्रोच्या पासवर फेऱ्या मोजलेल्या असतात, ४५ किंवा ६०. दोघंही त्याला 'पास'च म्हणतात.

शब्द एक आणि अर्थ दोन असले की दोन माणसं चहा पिता पिता गैरसमज दूर करतात. दोन यंत्रणांचा गैरसमज मात्र गेटवर उभ्या असलेल्या माणसाला भोगावा लागतो. म्हणून जोडणी करताना अनुभवी लोक आधी सॉफ्टवेअर लिहायला बसत नाहीत. आधी शब्दांचा कोश करतात. 'तिकीट' कधीपासून कधीपर्यंत चालू, 'प्रवास' कधी संपला म्हणायचा, रात्री १२ नंतरच्या शेवटच्या लोकलसाठी तारीख कोणती धरायची. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढचं सगळं याच्यावर उभं राहतं.

चौथी अडचण: पैसे कोणाच्या खिशात?

गेटवर गर्दीच्या वेळी एका माणसाला फार तर क्षणभर वेळ मिळतो. तेवढ्यात लांबच्या सर्व्हरला विचारून उत्तर यायची वाट बघितली तर घाटकोपरच्या पुलावर चेंगराचेंगरीच व्हायची.

यावर नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाने काढलेला उपाय असा की प्रवासासाठीची शिल्लक कार्डावरच्या चिपमध्येच ठेवायची. गेट चिप वाचतं, पैसे वजा करतं, उघडतं. इंटरनेट असो वा नसो. दिवसभराचे व्यवहार नंतर बँकांमार्फत मिटवले जातात.

पण याचा एक परिणाम असा की ऑनलाइन पैसे भरले तरी ते लगेच चिपमध्ये जात नाहीत. बँकेकडे पैसे जमा झाले, पण कार्डाला अजून ते माहीतच नाही. कार्ड एखाद्या मशीनवर टेकवून शिल्लक अपडेट केली की मगच गेट ते मानतं. "पैसे भरले, मेसेज आला, तरी गेट उघडत नाही!" या तक्रारीमागे बऱ्याचदा हे कारण असतं. यंत्रणा बिघडलेली नसते. ती तशीच बनवलेली असते, पण कुणी प्रवाशाला ते सांगितलेलं नसतं.

महामुंबई मेट्रोचं 'मुंबई १' कार्ड जानेवारी २०२३ मध्ये याच राष्ट्रीय नमुन्यावर आलं. त्याआधी २०२२ मध्ये बेस्टनेही याच नमुन्याचं कार्ड आणलं होतं. नमुना एक असल्याचा फायदा हा की एकाचं कार्ड दुसऱ्याच्या मशीनला निदान वाचता तरी येतं.

वाचता येणं आणि भाडं एकत्र धरणं यात मात्र फरक आहे. तो बघण्यासाठी महामुंबई मेट्रोचेच दर घेऊ. सुरुवातीच्या दरपत्रकानुसार पहिल्या ३ किलोमीटरला १० रुपये, ३ ते १२ किलोमीटरला २०. म्हणजे पहिले ३ किलोमीटर सगळ्यात महाग, पुढचे स्वस्त. सगळ्याच वाहतुकीत साधारण असंच असतं.

अंधेरी पश्चिमेहून मेट्रो २अ ने दहिसरला जाऊन तिथून मेट्रो ७ ने मागे आलात, तर कंपनी एकच असल्याने तिकीट एक आणि अंतर सलग मोजलं जातं. पण तुमची आई मेट्रो १ मधून मेट्रो ७ मध्ये गेली की मीटर पुन्हा शून्यावर. महागडे पहिले किलोमीटर ती एकाच सकाळी लोकल, मेट्रो, दुसरी मेट्रो आणि बस असे चारदा विकत घेते.

एका ॲपवर चारही तिकिटं काढता आली तर रांग वाचेल, सुट्ट्या पैशांची कटकट वाचेल. हे कमी नाही. पण चार भाड्यांचं एक भाडं तेव्हाच होईल, जेव्हा चार मालक बसून ठरवतील की मिळालेले पैसे आपसात कसे वाटायचे आणि त्यात कुणाचं उत्पन्न घटलं तर ती तूट कोण सोसणार. हा निर्णय संगणक घेऊ शकत नाही.

पाचवी अडचण: नियम बदलला, कळवणार कोण?

९ मे २०२५ ला बेस्टचं किमान भाडं वाढलं. साध्या बसचं ५ वरून १० रुपये, एसी बसचं ६ वरून १२. आता विचार करा, बेस्टचं तिकीट पाच ठिकाणी विकलं जात असेल आणि प्रत्येकाने दरपत्रक आपल्याकडे उतरवून ठेवलं असेल, तर त्या सकाळी पाचही ठिकाणी ते बदलायला हवं. एकजण विसरला की बसमध्ये भांडण.

म्हणून नियम असा हवा: माहिती ज्याची, ती त्याच्याकडेच राहील. बाकीच्यांनी नक्कल ठेवायची नाही, लागेल तेव्हा विचारायचं.

सवलतींचं तर आणखी नाजूक आहे. १ मे २०२३ पासून मेट्रो २अ आणि ७ वर ६५ वर्षांवरचे ज्येष्ठ नागरिक, बारावीपर्यंतचे विद्यार्थी आणि दिव्यांग यांच्यासाठी २५ टक्के सवलत लागू झाली. निर्णय चांगला. तो घेतला गेला या दोन मार्गांपुरता. आईच्या वयाचा पुरावा एका खिडकीवर तपासला गेला, नोंद झाली. पण पूल ओलांडून दुसऱ्या कंपनीच्या गेटवर गेल्यावर तिथले नियम वेगळे आणि तिथली नोंदही वेगळी. आईचं वय पुलावर बदलत नाही, पण यंत्रणेच्या दृष्टीने ती पुन्हा कोणीच नसते.

आणि काही बिघडलं तर? पावसाळ्यात मध्य रेल्वे ठप्प झाली आणि आईने सगळ्या प्रवासाचं तिकीट आधीच काढलेलं असलं, तर परतावा कोणाकडे मागायचा? ॲपवाला म्हणणार रेल्वेकडे जा, रेल्वे म्हणणार ॲपवर तक्रार करा. ज्या करारात 'बिघडलं तर काय' याचं पान नाही, तो करार अर्धाच आहे.

जगात कुणाला जमलंय का?

हाँगकाँगला जमलं, आणि फार लवकर. तिथल्या रेल्वे, बस आणि फेरी चालवणाऱ्या पाच कंपन्यांनी १९९४ मध्ये एकत्र येऊन एक वेगळी कंपनी काढली. १ सप्टेंबर १९९७ ला तिचं ऑक्टोपस कार्ड सुरू झालं. क्रम लक्षात घ्या: आधी मालकांची सामाईक कंपनी, मग कार्ड.

जपानने वेगळा रस्ता धरला. तिथे टोकियोचं सुइका, ओसाका भागातलं इकोका अशी वेगवेगळ्या भागांची वेगवेगळी कार्डं होती. कुणीच आपलं कार्ड सोडायला तयार नव्हतं आणि कुणी सोडायला लावलंही नाही. २३ मार्च २०१३ पासून अशी १० कार्डं एकमेकांच्या भागात चालायला लागली. कार्डं दहाच राहिली, फक्त दहाही जण एकमेकांची कार्डं मानायला लागले.

मुंबईतही आधी प्रयत्न झाले आहेत. बेस्ट आणि लोकल दोन्हीकडे चालावं म्हणून 'गो मुंबई' नावाचं स्मार्टकार्ड आलं होतं. आज ते कुणाच्या पाकिटात दिसत नाही. आणि गंमत म्हणजे, लोकल, बस यांची वेळापत्रकं एकत्र बघायची सोय मुंबईकरांना सर्वांत आधी मिळाली ती 'एम-इंडिकेटर'सारख्या ॲपवर. माहिती एकत्र करणं तुलनेने सोपं असतं, कारण त्यात कुणाचे पैसे वाटायचे नसतात.

आणि एक प्रश्न आपल्याबद्दलचा

सगळ्या यंत्रणा जोडल्या गेल्या की एका माणसाचा सगळा दिवस एका ओळीत दिसू शकतो. सकाळी ८:१० ला मुलुंड, ९:०५ ला गुंदवली, दर मंगळवारी एका हॉस्पिटलजवळचं स्टेशन. वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली होती तोवर या माहितीला फार अर्थ नव्हता. एकत्र आली की ती त्या माणसाची कहाणी होते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्र असं आहे की ज्या कामासाठी संमती घेतली, त्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची. तिकीट जोडणीला हे सूत्र चपखल बसतं. मेट्रो ७ च्या गेटला एवढंच कळलं पाहिजे की समोरच्या माणसाकडे वैध तिकीट आहे आणि त्याला सवलत लागू आहे. ती व्यक्ती मुलुंडहून आली की मुंब्र्याहून, हे गेटला कळायची काही गरज नाही. बसमार्ग आखायला किती लोक कुठून कुठे जातात ते आकडे लागतात, पण त्यासाठी नावं लागत नाहीत.

चांगली जोडणी म्हणजे सगळ्यांना सगळं दिसणं, असं अनेकांना वाटतं. खरं तर ज्याला जेवढं लागतं तेवढंच दिसणं, ही तिची खूण आहे.

मग आपण काय बघायचं?

पुढच्या वेळी कुठलंही 'एक ॲप', 'एक कार्ड', 'एक पोर्टल' जाहीर झालं, मग ते प्रवासाचं असो, महापालिकेच्या दाखल्यांचं असो की दवाखान्याच्या केसपेपरचं, तर पाच प्रश्न विचारून बघा.

१. नावं आणि क्रमांक सगळ्यांचे एकच आहेत का, आणि ती यादी कोण सांभाळतं?

२. एकाच शब्दाचा अर्थ सगळ्यांकडे एकच आहे का?

३. पैसे कसे वाटले जाणार, हे ठरलंय का?

४. बिघडलं तर जबाबदार कोण, हे कुठे लिहिलेलं आहे?

५. माझी माहिती कोणाला, किती आणि किती दिवस दिसणार?

या पाचांची उत्तरं असतील तर ॲपचा रंग कसाही असू द्या, ते टिकेल. नसतील तर ते एक सुंदर दुकान असेल, ज्याच्या मागच्या दाराने अकरा जण अजूनही आपापला वेगळा माल आणून ठेवतात.

'मुंबई वन'ने एकापेक्षा जास्त सेवांच्या प्रवासासाठी एकच तिकीट द्यायचं वचन दिलंय. ते वचन योग्य दिशेचं आहे. ते किती पाळलं गेलं, हे मोजायला डाऊनलोडचे आकडे बघू नका. पश्चिम द्रुतगती महामार्ग ते गुंदवली हा पूल बघा. ज्या दिवशी ६७ वर्षांची एक बाई तिथे पाकीट न उघडता, फोन न शोधता आणि आपलं वय पुन्हा सिद्ध न करता सरळ चालत पलीकडे जाईल, त्या दिवशी समजायचं, या यंत्रणा एकमेकींशी बोलायला लागल्या.